शेजारच्या सीटवरून

नवं ग्राफिक्स कार्ड त्या दिवशी व्यवस्थित चाललं, पडद्यावर अख्खं घर उभं राहिलं आणि धाकटीला नोकरी लागली.

हे वाक्य इथे यायला नको होतं. ते आलंच नाही असं धरून चालू. तर, दुपारची वेळ होती, कार्ड ढिम्म होतं, नोकरीबिकरी काही नव्हती, आणि धाकटी दातांत स्क्रूड्रायव्हर धरून, टेबलावर आडव्या पाडलेल्या सीपीयूच्या डब्यात डोकं घालून बसली होती.

धाकटी ही या घरातली एकुलती एक मुलगी. थोरलं कोणी नव्हतं, तरी तिला धाकटीच म्हणत, कारण आईच्या मते या घरातलं थोरलं अपत्य म्हणजे बाबांची गाडी. गाडी धाकटीच्या आधी आली होती, तिचे लाड जास्त झाले होते, आणि ऊन वाढलं की सावलीत आधी तिला घेत.

बाबांना सगळी वस्ती मास्तर म्हणायची. ते गाडी चालवायला शिकवत. म्हणजे उभा जन्म त्यांनी गाडीत काढला, पण चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर. त्यांच्या गाडीला त्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि वस्तीतली निम्मी माणसं आज हातीपायी धड आहेत ती त्या ब्रेकच्या कृपेने. इतकी वर्षं शेजारी बसल्यामुळे मास्तरांना आता दुसरीकडे कुठे बसताच येत नसे. जेवताना, टीव्हीपुढे, दातांच्या दवाखान्यातसुद्धा ते कोणाच्या तरी शेजारी, अंगाने थोडे पुढे झुकून, समोर बघत बसत. त्यांची शिकवण एकच होती. थांबलात, की पुन्हा एकदा दाबून खात्री करा. थांबलेल्या गाडीवर कधी विश्वास ठेवू नये. घरातही ते दाराची कडी लावत, काढत आणि परत लावत. आई म्हणे, चोराने फक्त मधली वेळ साधली की झालं.

धाकटीला मात्र गाडीत रस नव्हता. तिला घरांत रस होता, तोही न बांधलेल्या. शहरात एक स्टुडिओ होता. बांधायच्या आधीच घर संगणकावर उभं करायचं आणि गिऱ्हाइकाला त्यातून फिरवून आणायचं, हे त्यांचं काम. त्या स्टुडिओने धाकटीची परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं, आणि ती त्याच दिवशी संध्याकाळी होती. स्टुडिओतल्या मॅडम आपल्या ऑफिसात बसून धाकटीचा पडदा बघणार आणि धाकटी त्यांना तिने रचलेल्या घरातून फिरवणार. अडचण एवढीच होती की तिच्या जुन्या संगणकाला एका वेळी एकच खोली झेपे. तीही हप्त्याहप्त्याने. आधी भिंत यायची, मग खिडकी यायची, आणि सोफा येईपर्यंत पाहुणे उठून जायची वेळ व्हायची. म्हणून हे कार्ड मागवलं होतं. ते त्याच दिवशी सकाळी आलं.

आणि जमलं नाही, तर सोमवारपासून मास्तरांच्या ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकवायला. तसं त्यांनी कधी बजावलं नव्हतं. त्यांनी फक्त दुसरी गाडी घेऊन ठेवली होती. तिच्या दारावर अजून काही रंगवलेलं नव्हतं, पण येताजाता मास्तर त्या दाराकडे जरा मान वाकडी करून बघत, अक्षरं केवढी बसतील याचा अंदाज घेतल्यासारखे. एकदाच, पाठीवर हात ठेवून, ते म्हणाले होते, ‘नाही जमलं तर गाडी आहेच.’ इतक्या मायेने म्हणाले, की धाकटीला रात्रभर झोप आली नाही. रागावलेल्या बापाशी भांडता तरी येतं.

कार्ड बसवताना तिने कुठे म्हणून कसर ठेवली नव्हती. डब्याचं झाकण उघडलं, मागच्या पट्ट्या काढल्या, कार्ड स्लॉटमध्ये खट्ट वाजेपर्यंत दाबलं, स्क्रू पिळले, पॉवर सप्लायमधून आलेली जाड केबल कार्डाच्या टोकाला खोचली, मॉनिटरची केबल जुन्या जागेवरून काढून कार्डात लावली. मास्तर नेहमीप्रमाणे तिच्या शेजारच्या खुर्चीत, टेबलाखाली पाय पसरून, समोर बघत बसले होते. मध्येच एकदा म्हणाले, आरसे बघून घे. सवयीने म्हणाले, आणि ती सवयीने हो म्हणाली.

तिने बटण दाबलं. दिवे लागले. कार्डाचे तिन्ही पंखे चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी केकाटते तसे केकाटले. आणि सगळं गप्प झालं.

‘बंद पडली,’ मास्तर म्हणाले. शिकाऊ माणसाला म्हणतात तसंच, दोष न देता.

धाकटीने कार्ड काढून परत बसवलं. परत तेच. केबल काढून परत खोचली. पंखे केकाटले, सगळं गप्प. मग तिने कार्ड काढून बाजूला ठेवलं आणि जुन्या पद्धतीने सुरू केलं, तर संगणक गरीब गाईसारखा चालू झाला, हूं की चूं न करता. कार्ड लावलं की मरतो, काढलं की जगतो. ज्या दुकानातून कार्ड मागवलं होतं तिथल्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, पॉवर सप्लाय कमी पडत असेल. तिने वॅटचा आकडा सांगितला. तो म्हणाला, मग कमी पडत नसेल. शेवटी त्याने सल्ला दिला की दुसऱ्या मशीनवर लावून बघा, जणू लोकांच्या घरी दाराबाहेर चपलांशेजारी मशीनं पडलेली असतात.

मग मामा आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं; घरात काही बिघडलं की त्यांना वास येई. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, धंद्याने प्लंबर, आणि स्वभावाने उंटावरचा शहाणा, फक्त उंट स्वतःबरोबर घेऊन फिरणारा. त्यांच्या मते जगातली प्रत्येक अडचण ही मुळात दाबाची अडचण असते. त्यांनी डब्यात न डोकावताच निदान केलं, की वीज म्हणजे वायरीतून वाहणारं पाणीच, आणि या घरात तोट्या फार उघड्या आहेत. लगेच त्यांनी फ्रीज बंद केला. मग गिझर. मग घड्याळातला सेल काढला. घड्याळाचा विजेच्या बोर्डाशी काय संबंध, असं आईने विचारल्यावर ते म्हणाले, ताई, थेंबे थेंबेच गळती होते. तेवढ्यानेही दाब चढेना, तेव्हा ते वरच्या मजल्यावर गेले आणि तिथल्या बाईंना थोडा वेळ इस्त्री थांबवायची विनंती करून आले. बाईंनी इस्त्री थांबवली. वर निरोपही धाडला, की आमचा संगणक अगदी छान चालतो.

धाकटीने बटण दाबलं. पंखे केकाटले. सगळं गप्प झालं.

फ्रीजमधलं दूध तेवढं हातचं गेलं.

आता आई पुढे सरसावली. आई इस्पितळात परिचारिका होती, आणि तीही ऑपरेशननंतर पेशंट ठेवतात त्या खोलीतली. तिने डब्यावर तळवा ठेवून ताप बघितला. ताप नव्हता. मग तिने सगळ्यांकडे असं बघितलं की मामांनी न सांगता खिशातले हात बाहेर काढले. तिचं म्हणणं होतं, की याच्या पोटात आज सकाळीच नवीन अवयव बसवला आहे, आणि तुम्ही सगळे उशाशी गर्दी करून उभे आहात. भेटायची वेळ संपली. व्हा बाहेर.

मास्तर आणि मामा स्वयंपाकघरात गेले. आई दाराशी उभी राहिली. धाकटीने, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, बटण दाबलं.

पंखे केकाटले, मग दमले, मग शांत झाले, आणि पडदा उजळला.

धाकटी आ वासून बघतच राहिली. आईने फक्त मान हलवली. तिला यात नवल नव्हतं. मामा धावत आले आणि दाब चढायला वेळ लागतो असं सांगू लागले. मास्तर आले, पडद्याकडे बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि ते आपल्या खुर्चीत बसले. धाकटीने तिचं घर उघडलं. भिंती, जिना, खिडकीतून आत आलेलं ऊन, सगळं एकदम. कार्डाला काम लागलं, पंख्यांनी सूर चढवला.

आणि सगळं गप्प झालं.

‘सांगितलं होतं,’ आई म्हणाली.

इथून पुढे घरात जे सुरू झालं त्याला प्रयोग म्हणायचं की भूतबाधा, हे ठरवणं कठीण आहे. मामांना बाहेर काढलं, तरी बंद पडतो. आईला बाहेर काढलं (तिने ते मनाला लावून घेतलं), तरी बंद पडतो. मास्तरांना बाहेर काढलं, तर चालतो. मास्तर दारात उभे राहिले, चालतो. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, चालतो. भिंतीशी स्टुलावर बसवलं, चालतो. उठून ते खुर्चीत बसले, की संगणक सुरू असला तर पंखे चढले की बंद पडतो, आणि बंद असला तर सुरू होता होताच बंद पडतो. मामांनी ताबडतोब मांडणी केली, की दाजींच्या वजनाने नेमकी ती फरशी दबते. पण मामा त्या खुर्चीत बसले, मांडीवर धुण्याची बादली भरून घेऊन बसले, तरी संगणक मजेत चालत राहिला. म्हणजे दोष खुर्चीचा नव्हता, फरशीचा नव्हता, दाबाचा तर मुळीच नव्हता. दोष मास्तरांचा होता, पण फक्त खुर्चीतल्या मास्तरांचा.

मास्तरांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, यंत्राला माणूस कळतो. आपल्या जुन्या गाडीलाही एक विद्यार्थी आवडत नसे. तो पुढे वकील झाला.

परीक्षेची वेळ जवळ येत होती. धाकटी म्हणाली, बाबा, शेवटचं एकदा बसा. तिने बटण दाबायला आईला बसवलं आणि स्वतः टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरली. दिवसभर ती डब्याच्या आत बघत होती. खाली काय आहे हे बघायची तिला गरजच वाटली नव्हती. खाली होतं ते असं: धूळ, एक हरवलेला मोजा, भिंतीतून आलेला एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर एक मोठं गोल बटण, दाबलं की बंद आणि परत दाबलं की चालू होणारं, आणि त्या बटणावर, पेडलवर ठेवतात तसा अलगद टेकलेला मास्तरांचा उजवा पाय.

वर आईने संगणक सुरू केला. पंखे केकाटले.

पाय खाली गेला. झटक्याने नाही, सफाईने, टप्प्याटप्प्याने, मागच्या सीटवरच्या म्हातारीच्या पोटातलं पाणी हलू नये असा. बटण खाली, वीज बंद. क्षणभर थांबून पाय पुन्हा एकदा दाबला गेला, खात्री करायला. वीज चालू. पण संगणक तोवर मेलेला, आणि बोर्डावरचा दिवा साळसूदपणे लुकलुकत होता.

‘बंद पडली,’ वरून मास्तरांचा आवाज आला.

धाकटी टेबलाखाली तशीच बसून राहिली. तिला आठवली ती दुसरी गाडी, तिचं कोरं दार, पाठीवरचा तो हात. डोकं बाहेर काढून तिने विचारलं, ‘बाबा, मुद्दाम?’

मास्तरांना काही कळेना. आईनेही वाकून खाली बघितलं, मग मामांनी. अख्खं घराणं टेबलाखाली वाकून एका पायाकडे बघतंय, हे लक्षात आल्यावर मास्तरही वाकले. धाकटीने तोंडाने पंख्यासारखा आवाज काढला. पाय खाली गेला. तिने परत काढला. परत गेला. मास्तर आपल्याच पायाकडे, लग्नात न बोलावता आलेल्या दूरच्या नातेवाइकाकडे बघावं तसे बघत होते.

‘गाडी ओरडली की जातो,’ ते अगदी हळू म्हणाले. ‘मला विचारत नाही गं.’

त्यांचा चेहरा इतका पडला, की धाकटीने विचारलेलं तिचं तिलाच लागलं. जित्याची खोड, आई पुटपुटली, आणि उरलेली म्हण तिने गिळून टाकली. धाकटीला मात्र वेगळंच काही सुचत होतं. बाबांनीच तिला गाडी शिकवली होती, आणि वळणावर आपण किती छान थांबतो याचा तिला आजवर फार अभिमान होता. आता तिला त्या प्रत्येक वळणाबद्दल शंका येऊ लागली.

पण शंका काढत बसायला वेळ नव्हता. मामांनी बोर्ड उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि दाब वरून आलेला केव्हाही चांगला, असं म्हणून सगळं श्रेय घेतलं. मास्तर म्हणाले, मी बाहेर जातो, गाडी पुसतो. ते उठलेही. एवढ्यात स्टुडिओच्या मॅडमचा कॉल आला, पडद्यावर त्यांचा चेहरा आला, आणि धाकटीने न बघता शेजारी हात लांबवून बाबांची बाही ओढली. मास्तर गुपचूप खाली बसले.

मॅडम फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, दाखवा घर. धाकटीने घर उघडलं. पंखे चढले. टेबलाखालून फरशीवर आवाज आला: ठक. आणि मग, खात्रीचा, परत ठक.

संगणक चालू होता.

धाकटीला आनंदाने उडावंसं वाटलं, आणि ती उडालीच. इतकी वर्षं हप्त्याहप्त्याने येणारं घर एकदम हातात आल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? ती पडद्यावरच्या दारातून सुसाट आत घुसली, दिवाणखाना मागे टाकला आणि जिन्याच्या वळणाकडे भरधाव निघाली. ठक. तिचा माउसवरचा हात आपोआप सैल झाला. वळण अलगद आलं, अलगद गेलं. जिना चढताना पुन्हा जोर आला, ठक, हात पुन्हा सैल. वरच्या खोलीच्या दाराशी ठक वाजायच्या आधीच ती थांबली, आत डोकावली, खिडकीतलं ऊन जरा बघू दिलं, मग पुढे सरकली. शेवटी शेवटी तर ठक येईनासाच झाला. मामा दाराआडून दोन्ही अंगठे वर करून उभे होते. आईने डब्यावर तळवा ठेवला होता.

फेरी संपली. मॅडम म्हणाल्या, सकाळपासून त्यांनी बरीच घरं बघितली. सगळ्यांची कार्डं चांगली होती, त्यामुळे सगळेजण हाकललेल्या माशीसारखे या खोलीतून त्या खोलीत पळत होते, आणि त्यांना आता मळमळत होतं. या एकाच घरात आपण चालून आलो असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, ‘मध्येमध्ये तो ठक आवाज येत होता, तो कसला?’

धाकटीने शेजारी बघितलं. मास्तर समोर बघत होते, सरळ, कमालीच्या गांभीर्याने.

‘ब्रेक आहे, मॅडम,’ ती म्हणाली.

मॅडमना वाटलं ही सॉफ्टवेअरमधली सोय आहे. त्या म्हणाल्या, छान कल्पना आहे, पुढेही ठेवा. आणि सोमवारी कामावर यायला सांगितलं.

त्यानंतर घरात जे झालं त्यात मामांनी आईला उचलायचा प्रयत्न केला आणि स्वतःची कंबर लचकवून घेतली. वरच्या मजल्यावरच्या बाई इस्त्री चालू करू का हे विचारायला आल्या आणि त्यांनाही आनंदाने मिठ्या मारण्यात आल्या. आणि मास्तर कोणालाही न सांगता खाली गेले. धाकटीने गॅलरीतून बघितलं. ते दुसऱ्या गाडीचं कोरं दार पुसत होते. पुसून झालं, पुन्हा एकदा पुसलं. तिने वरून हाक मारली, तर म्हणाले, दोघांची नावं मावलीच नसती, दार लहान आहे. मग हसले. खरं हसले, पण बोळ्याने परत दार पुसायला लागले.

रविवारी धाकटी स्टुडिओत जाऊन जागा बघून आली. सगळं उत्तम होतं, फक्त प्रत्येकाचं टेबल भिंतीला लागून, स्वतंत्र, शेजारी कोणी नाही. हे ऐकल्यावर मास्तर उठले, चष्मा लावला, आणि जेवायची वेळ टळेपर्यंत बसून त्यांनी एक अर्ज लिहिला. धाकटीने तो सोमवारी खरोखरच दिला, कारण बापाचा अर्ज होता. तो असा:

प्रति, माननीय व्यवस्थापक महोदया.

विषय: शेजारच्या आसनाबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की, आपल्या कार्यालयात आजपासून रुजू होत असलेली कर्मचारी ही अर्जदाराची कन्या असून वळणावर तिचा वेग किंचित वाढतो. तरी तिच्या टेबलाच्या शेजारी एक आसन कायमस्वरूपी राखीव ठेवण्यात यावे, व सदर आसनासमोर, पायाच्या अंतरावर, एक पेडल बसवण्यास मंजुरी देण्यात यावी. आसनाचा वापर अर्जदार कार्यालयीन वेळेत, विनावेतन व विनासंभाषण करेल. पेडल कशालाही जोडलेले नसले तरी अर्जदाराची हरकत नाही.